पन्हळीचं तोंड

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)

आमच्या घराची पन्हळ वादळानं नेली. आठ-आठ फुटांचे तीन पत्रे डाख देऊन जोडलेली, चोवीस फुटांची पन्हळ. त्यातला एक तुकडा शेजारच्या वाडीतल्या फणसावर सापडला. ओला टॉवेल पिळून वाळत घालावा तसा तो फांदीला गुंडाळलेला होता. दुसरा विहिरीच्या काठावर पडला होता. तिसरा अजूनपर्यंत मिळालेला नाही.

तारीख होती ३ जून २०२०. गाव श्रीवर्धन तालुक्यातलं. त्या दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलं. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता, असं पुढं हवामान खात्याच्या अहवालात वाचलं. त्या वेळी आम्हाला आकडा कळत नव्हता. माजघरात आईला मधोमध बसवलं होतं आणि डोक्यावर कौलं एकामागून एक सुटत होती. आधी आढ्यावरचे कोने गेले, मग पाख्यावरची कौलं, आणि मग बोळाच्या बाजूनं एक लांबलचक करकर ऐकू आली. पत्रा उपटला जातानाचा तो आवाज होता. आई म्हणाली, “पन्हळ गेली रे.” छपराला भगदाड पडलं होतं आणि तिला पन्हळीची काळजी! तिचं बरोबर होतं, हे मला नंतर समजलं.

या वादळाच्या नावाची थोडी गंमत आहे. आपल्या भागातल्या तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावं देऊन १६९ नावांची जी नवी यादी केली, ती एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली. तिच्यातलं पहिलंच नाव ‘निसर्ग’, आणि ते सुचवलं बांगलादेशानं. म्हणजे बंगालीतून निघालेला शब्द अरबी समुद्रावरून आमच्या मराठी दारात आला आणि त्याचा अर्थ कुणालाही विचारावा लागला नाही.

संध्याकाळी बाहेर पडलो. वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या होत्या, साऱ्या एकाच दिशेला. नमाजाच्या सफेसारख्या, असं माझ्या मनात आलं आणि लगेच लाज वाटली. ज्याची वाडी गेली त्याला उपमेचा काय उपयोग? त्याला नवी पोफळ धरेपर्यंतची सात-आठ वर्षं हवी असतात.

आता पन्हळीकडं येतो. शहरातल्या नव्या पिढीला हा शब्द कदाचित ठाऊक नसेल. छपराच्या वळचणीखाली, कौलांवरून येणारं पाणी झेलून एका बाजूला नेणारी जी नाळ असते, ती पन्हळ. ती नसेल तर पाणी पागोळ्यांनी जमिनीवर पडतं. अंगणात पडलं तर हरकत नाही, पोरं त्यात होड्या सोडतात. पण भिंतीच्या पायाशी पडत राहिलं की चार पावसाळ्यांत जांभ्याची चिरेबंदीही खालून पोकळ होते. आमच्याकडं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. बोळाच्या बाजूचं आमचं पाखं वरून पाहिलं तर चोवीस फूट बाय चौदा फूट, म्हणजे साधारण एकतीस चौरस मीटर. हिशेब करा. एका पावसाळ्यात नव्वद हजार लिटरांहून जास्त पाणी त्या एका वळचणीवरून उतरतं. हे पाणी कुठं टाकायचं, हा घराचा प्रश्न असतो तेवढाच शेजाऱ्याचाही असतो.

मी बी. ए. झालो ते मराठी घेऊन, त्यामुळं पत्रा हाताला लागायच्या आधी शब्दच हाताला लागतो. पन्हळ हा संस्कृत ‘प्रणाल’, ‘प्रणाली’ या शब्दांचा वंशज. हिंदी-उर्दूतला ‘परनाला’ हा त्याचा भाऊ. प्रणाली म्हणजे मुळात पाणी वाहून नेणारी नाळ. पाणी जसं ठरल्या वाटेनं जातं तसं काम ठरल्या वाटेनं जावं, म्हणून कार्यप्रणाली, आणि आता संगणक प्रणाली. कचेरीत ‘आज प्रणाली बंद आहे’ असं ऐकलं की मला हटकून पाला अडकलेली पन्हळ दिसते. शंकराच्या देवळात पिंडीचं अभिषेकाचं पाणी बाहेर जातं तेही प्रणालच, आणि ते ओलांडायचं नसतं म्हणून प्रदक्षिणा अर्धी घालून मागं फिरतात. पत्र्याला सलग नागमोडी वळ्या पाडल्या की तो होतो पन्हळी पत्रा. पत्रा परदेशातून आला, पण त्याला नाव देताना आपल्या माणसांनी शब्द शोधत बसायचं कारण नव्हतं. तो वळचणीलाच टांगलेला होता.

हा शब्द भांडणातही फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूरच्या शामशास्त्रींना मिळाली आणि त्यांनी १९०९ मध्ये ती छापली. तिच्यात घर, जमीन, शेजार यांच्या तंट्यांचा एक भाग आहे. दोन घरांमध्ये अंतर किती सोडावं, सांडपाणी कुठं काढावं, कुणाच्या भिंतीला ओल लावली तर काय, असा सारा तपशील त्यात येतो. पावसात प्रणाली मोकळी ठेवली नाही तर बारा पणांचा दंड, असंही त्यात सांगितलं आहे. पाटलिपुत्रातही कुणी तरी कुणाच्या पायरीवर पाणी सोडत असणार, त्याशिवाय असा नियम सुचत नाही.

आमच्या घराची पन्हळ मात्र इतकी जुनी नव्हती. पणजोबांच्या काळी घर पेंढ्यानं शाकारलेलं होतं. पेंढ्याला पन्हळ लागत नाही. तो पाणी पितो, थांबवतो, सावकाश सोडतो. नंतर नळीची कौलं आली, कुंभारानं चाकावर घडवून उभी चिरलेली. ती दर उन्हाळ्यात परतावी लागत. माकड धावलं तरी सरकत. मग आजोबा बोटीवर गेले. आमच्या किनाऱ्यावरच्या पुष्कळ मुसलमान घरांतले पुरुष खलाशी म्हणून मुंबईहून मोठ्या बोटींवर चढत. आजोबा त्यांतलेच. त्यांनी धाडलेल्या पैशातून आमच्या घरावर मंगळुरी कौलं चढली.

या कौलांचा इतिहास मी शाळेत शिकलो नाही. तो मला वादळानं शिकवला. दुसऱ्या दिवशी अंगणातले तुकडे गोळा करताना कौलांच्या पाठीवर उमटवलेली अक्षरं दिसू लागली. लहानपणापासून ज्यांच्याखाली झोपलो त्यांची पाठ कधी पाहिलीच नव्हती. काहींवर बासेल मिशनचं नाव आणि खाली आकडा १८६५. आई म्हणाली, “बघ, दीडशे वर्षांची कौलं होती.” तसं नसतं. १८६५ हे कारखाना निघाल्याचं साल. स्वित्झर्लंडमधल्या बासेल इथल्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं त्या वर्षी मंगळूरला जेप्पू इथं कौलांचा कारखाना काढला. जॉर्ज प्लेब्स्ट नावाचा त्यांचा माणूस त्यामागं होता. धर्म बदललेल्यांची जात सुटे आणि जातीबरोबर धंदाही सुटे. त्यांना पोटाला काम हवं म्हणून मिशननं विणकाम आणि कौलं असे कारखाने उभे केले. एकमेकांत खाचेनं अडकणारं कौल ही फ्रान्समधल्या अल्सासच्या जिलार्दोनी बंधूंची १८४१ ची कल्पना. मंगळूरला नद्यांकाठची चिकणमाती मिळाली आणि ते कौल इथलंच होऊन गेलं. किनाऱ्या-किनाऱ्यानं गलबतांतून ते वर सरकत आलं.

काही कौलांवर मात्र बासेलऐवजी कॉमनवेल्थ ट्रस्ट असं नाव होतं. त्याचं कारण पहिलं महायुद्ध. मिशनमध्ये जर्मन माणसं पुष्कळ, म्हणून इंग्रज सरकारनं त्यांची मालमत्ता शत्रूची ठरवून ताब्यात घेतली, आणि १९१९ मध्ये स्थापन झालेल्या या नव्या कंपनीकडं कारखाने गेले. कौल तेच, साचा तसाच, पाठीवरचं नाव तेवढं बदललं. आमच्या एका पाख्यावर दोन्ही नावं शेजारी-शेजारी होती. आजोबांनी दोन खेपांत कौलं आणली असावीत, किंवा कुणाचं मोडलेलं घर विकत घेतलं असावं. विचारायला आता कुणी नाही.

मंगळुरी कौलावरून पाणी भरभर उतरतं. नळीच्या कौलांवरच्या पागोळ्या वेगळ्या. या कौलाखाली पन्हळ हवीच, निदान जिथं शेजार जवळ आहे तिथं. आणि ती करायला पत्रा होता. लोखंडाच्या पत्र्याला वळ्या पाडून ताठ करायची युक्ती लंडनच्या गोद्यांमधले इंजिनियर हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये पेटंट केली. लोखंडावर जस्ताचा थर चढवायची रीत सोरेल या फ्रेंच माणसानं १८३७ मध्ये नोंदवली. जस्ताचा स्वभाव मोठा विलक्षण. ओल आली की आधी ते स्वतः झिजतं आणि तोवर लोखंडाला गंज चढू देत नाही. म्हणून साधी जस्ती पन्हळ बरीच वर्षं काढते. त्याआधी कोकणात पन्हळ असे ती बांबूची नाही तर पोफळीच्या चिरलेल्या खोडाची. वाडीतही रहाटाचं पाणी झाडापर्यंत न्यायला तीच. पोफळीचं खोड बाहेरून हाडासारखं टणक आणि आतून भुसभुशीत, देवानंच अर्धी पन्हळ करून ठेवलेली.

इथपर्यंतचा इतिहास पुस्तकातून, कौलातून मिळतो. पुढचा आमच्या घरातला आहे आणि तो सांगायला मला फारसं आवडत नाही.

आजोबांचं घर बाबांकडं आलं. चाचांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावानं, आखातातल्या कमाईतून शेजारीच नवं घर बांधलं. मध्ये चार फुटांचा बोळ. आमच्या पाख्याचं पाणी त्या बोळावर येई, पण पन्हळ ते झेलून मागच्या दाराला, सामायिक विहिरीकडं नेई. आजोबांनीच तसा उतार दिला होता. १९९८ च्या सुमारास मागचे दोन लोखंडी हूक गंजून तुटले आणि पन्हळ पुढं कलली. बाबांनी कारागीर बोलावला. तो म्हणाला, पुढंच तोंड ठेवू, काम स्वस्तात होईल. बाबांनी मान डोलावली. तेव्हापासून आमच्या पन्हळीचं सारं पाणी पुढं, चाचांच्या ओटीच्या पायरीशी पडू लागलं. शंभर मिलिमीटरचा पाऊस झाला की तीन हजार लिटर. पावसाळाभर त्यांच्या दारात डबकं आणि शेवाळ. चाची एकदा घसरून पडल्या.

चाचा बोलले. बाबा म्हणाले, “घर माझं आधीचं, पाणीही आधीचं.” चाचा म्हणाले, “पाणी आधीचं, पण तोंड आत्ताचं.” हे वाक्य मी स्वतः ऐकलं. आज विचार करतो तर त्या भांडणात कायदाही चाचांच्याच बाजूनं होता. आपल्याकडं १८८२ चा ईझमेंटचा कायदा आहे, मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये लागू झाला. वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्क म्हणून शेजाऱ्याच्या जागेत पाणी सोडलं तर त्याचा हक्क तयार होतो. पण त्या हक्काच्या नावाखाली शेजाऱ्यावरचं ओझं वाढवता येत नाही. कोर्टात कुणी गेलं नाही. दोघांनी फक्त बोलणं सोडलं. ईदच्या नमाजानंतर गळाभेट घेतात, तेव्हाही दोघं दोन वेगळ्या टोकांना उभे राहत.

मला आजही कळत नाही ते हे, की पन्हळीची गोष्ट आम्हा पोरांना सांगितली होती ती बाबांनीच. मदिनेत हजरत अब्बास यांच्या घराची पन्हळ मशिदीच्या वाटेवर होती. जुम्म्याच्या दिवशी खलिफा उमर स्वच्छ कपडे घालून निघाले. अब्बासांच्या घरी कोंबड्या कापल्या होत्या, त्याचं रक्तमिश्रित पाणी पन्हळीतून नेमकं त्यांच्या अंगावर आलं. उमरनी ती पन्हळ काढून टाकायला लावली, घरी जाऊन कपडे बदलले आणि नमाज पढवला. मग अब्बास त्यांच्याकडं आले आणि म्हणाले, ती पन्हळ पैगंबरांनी स्वतःच्या हातानं तिथं बसवली होती. उमर हादरले. म्हणाले, तुम्हाला शपथ आहे, माझ्या पाठीवर पाय देऊन चढा आणि ती होती तिथं परत बसवा. आणि अब्बासांनी तशी ती बसवली. एवढ्या मोठ्या मुलखाचा खलिफा भिंतीला टेकून वाकलाय आणि त्याच्या पाठीवर एक वृद्ध माणूस पन्हळ ठोकतोय! बाबा इथं आले की त्यांचा आवाज भरून येई.

तेच बाबा हजला जाऊन आले. काबागृहाच्या छतालाही पन्हळ आहे. सोन्याची, मीज़ाब-ए-रहमत तिचं नाव, कृपेची पन्हळ. कुरैशांनी पैगंबरांच्या तारुण्यात काबागृह नव्यानं बांधलं, त्यावर छत घातलं, तेव्हा पावसाच्या पाण्यासाठी ती ठेवली असं इतिहासकार सांगतात. वाळवंटातली इमारत, वर्षातून चार सरी. पण मक्केला पूर येतात. १६३० च्या पुरानंतर तर भिंतीच कोसळल्या आणि तुर्की सुलतान मुराद चौथा यानं त्या पुन्हा उभारल्या. पाऊस आला की लोक त्या पन्हळीखाली भिजायला धावतात. बाबांनी तिच्याखाली उभं राहून दुआ मागितली. काय मागितलं ते कधी सांगितलं नाही. परत आल्यावर आमची पन्हळ होती तशीच राहिली.

चाचा २००९ मध्ये गेले, बाबा २०१६ मध्ये. बाबांना दोष देऊन मी सुटू शकत नाही. बाबांच्या पश्चात चार पावसाळे पन्हळीचं तोंड माझ्या हातात होतं. मी पनवेलला राहत होतो, मे महिन्यात जाई, कवितांची वही नेई, आणि उन्हाळ्यात पन्हळ कोरडी असते.

टाळेबंदीत मार्चपासून मी आईजवळ गावीच होतो. वादळ गेलं आणि आठवडाभरात पाऊस उभा राहिला. वीज नाही, फोन लागत नाही. पत्रे आणि कौलं यांसाठी सगळा तालुका रांगेत. छपरावर प्लास्टिक टाकलं, पण बोळाच्या बाजूची वळचण उघडीच. पहिल्या सरीला चोवीस फुटांच्या पागोळ्या बोळात कोसळल्या. निम्मं पाणी आमच्या पायाशी, निम्मं चुलतभावाच्या. तो माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, त्याला आम्ही भाई म्हणतो. लग्न-मयतीला बोलायचो तेवढंच. मी बोळात उभा राहून हाक मारली.

“भाई, एक पोफळ हवी होती.”

तो बाहेर आला. दाढी वाढलेली, हातात कोयता. म्हणाला, “एक? एकशे चाळीस पडल्यात. मोजून घे.”

दोन खोडं आम्हीच ओढत आणली. पाचर मारून उभी चिरली, आतला भुसा कोयत्यानं खरवडला. भाईला ते काम येत होतं, मला नव्हतं. तो बोलत नव्हता, माझ्या हातातून कोयता काढून घेत होता. काथ्याच्या दोरीनं वाशांना बांधायची वेळ आली तेव्हा शिडी हातभर तोकडी पडली. भाई भिंतीला टेकून म्हणाला, “खांद्यावर चढ.” मला उमर आणि अब्बास आठवले. त्यालाही आठवले असणार, गोष्ट दोन्ही घरांत सांगितली जायची. पण त्याची पाठ धरलेली, माझा गुडघा दुखरा. शेवटी तेलाच्या रिकाम्या पिंपावर शिडी ठेवली आणि भाईनं ती दोन्ही हातांनी धरली.

दोरी आवळताना त्यानं खालून विचारलं, “तोंड कुठं करतोस?”

“मागं. विहिरीकडं.”

तो काही बोलला नाही. थोड्या वेळानं म्हणाला, “मग पुढची दोरी अजून वर घे.”

ती पोफळीची पन्हळ अख्खा पावसाळा टिकली. गळत होती, तिच्यात अळंबी उगवली, पण टिकली. आजोबांच्या आधीचं तंत्र आजोबांच्या कौलांखाली चार महिने राहिलं.

नोव्हेंबरमध्ये पत्रा मिळाला, आणि तालुक्याच्या गावी एक जुना पत्रेकाम करणारा कारागीरही. त्याची मुलं मोबाइलच्या दुकानात आहेत. हल्ली प्लास्टिकची तयार पन्हळ मिळते, ती का नाही घेत, असं त्यानंच मला विचारलं. उन्हानं ती ठिसूळ होते आणि वाऱ्यात टिकेल याची मला खात्री नव्हती, म्हणून पत्राच घेतला. त्याचं काम पाहण्यासारखं होतं. आधी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी काढली, सुतळी ताणली. मग हूक. पूर्वी ते तीन-तीन फुटांवर होते, त्यानं दोन-दोन फुटांवर घेतले आणि वाशांना खिळ्यांऐवजी स्क्रूनं कसले. वादळ पन्हळ ओढून नेतं ते खालून उचलून, म्हणून प्रत्येक हुकाला वरूनही एक पट्टी. जोड देताना वरच्या अंगाचा पत्रा खालच्याच्या आत, म्हणजे पाणी सांध्यात शिरत नाही. रिबिटं मारली. सांधा तेजाबानं पुसला आणि कथील-शिशाचा डाख ओतला. तेजाबाचा वास नाकात गेला आणि मी १९९८ च्या त्या दिवशी पोचलो. त्याही दिवशी मी घरी होतो. स्वस्तात होईल, हे शब्द ऐकले होते आणि वर्तमानपत्र वाचत बसलो होतो.

“उतार दहा फुटाला एक इंच,” कारागीर म्हणाला. “चोवीस फुटांना अडीच पुरे.”

भाई त्याच्या ओटीवरून बघत होता. तिथूनच म्हणाला, “चार कर.”

“चार केला तर खालचं टोक वळचणीपासून सुटेल, वाकडं दिसेल.”

“दिसू दे. पाणी मागं गेलं पाहिजे.”

बावीस वर्षांचा अविश्वास होता, दीड इंचात भागला. मी कारागिराला खूण केली.

खाली येणाऱ्या पाइपाचा प्रश्न उरला होता. सोयीची जागा भाईच्या भिंतीची, पण भिंतीला हात लावायला तो तयार झाला नाही. “उद्या माझी पोरं म्हणतील, हा पाइप आधीचाच.” तेही खरंच. म्हणून बोळाच्या तोंडाशी एक स्वतंत्र खांब रोवला, पाइप त्याला बांधला आणि विहिरीच्या काठावर वाळू-खडीच्या टाकीत सोडला. पहिल्या दोन सरींचं घाण पाणी बाहेर सोडायला चावी ठेवली. पाहुणे तो खांब बघून विचारतात, हे काय? आम्ही सांगत नाही.

मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ आलं. हे नाव म्यानमारचं, अर्थ पालीसारखा एक प्राणी. ते आमच्या किनाऱ्यालगत वर सरकत गेलं आणि १७ मेच्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर चढलं. आमच्याकडं त्याची कड लागली. एक हूक वाकला. कौलं नऊ गेली. पन्हळ जागेवर होती.

आता पावसाळ्यात विहीर लवकर भरते. फक्त चार इंच उतारामुळं पाणी फार जोरात येतं आणि पाइपातून टाकीत पडताना रात्री ढोल वाजवल्यासारखा आवाज होतो. दोन्ही घरांत ऐकू जातो. आईला त्याशिवाय झोप येत नाही. भाईची तक्रार आहे, की त्याची झोप मोडते. पाइपाच्या तोंडाशी साखळी लोंबकळत सोडली तर पाणी तिच्यावरून घसरत उतरेल आणि आवाज कमी होईल, असं कारागिरानं सांगितलंय. साखळी मी पनवेलहून आणून ठेवली आहे. ती किती लांब असावी यावर अजून एकमत झालेलं नाही.